इंदूताईंचे ठोकळे

इंदूताई ठोकळ्यांशी बोलायच्या. लातूरच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्याचे तुकडे तिथे मेणाच्या ठोकळ्यांत जपलेले असत. ठोकळा काप काढायच्या यंत्रावर चढवताना त्या रुग्णाच्या नावाची चिठ्ठी वाचत आणि म्हणत, "या मामा, बसा." चिठ्ठी बाईची असली, तर "या मावशी." मग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप सोडवत.

मी नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पंचेचाळिशीत पीएचडीला नाव घातलं. विषय, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधले मायक्रोआरएनए. पेशीतले हे इवलेसे रेणू जनुकांना गप्प बसवतात. त्यातले काही जास्त झाले, की वाढीला लगाम घालणारी जनुकंच गप्प होतात; गाठ वाढते, पार यकृतापर्यंत पोचते. गाठीत हे रेणू किती जास्त आहेत, ते त्याच रुग्णाच्या निरोगी भागाशी ताडून मोजायचं होतं. ठोकळे इंदूताईंच्या प्रयोगशाळेतले.

मोजलं. फरक जवळपास नाहीच. मुदत संपायला आठ महिने उरलेले. मार्गदर्शक सरांनी मशीनला दोष दिला, मी रसायनांना. इंदूताईंनी एवढंच विचारलं, की निरोगी भाग कुठला घेतला. मी काचपट्टी दाखवली. गाठीला लागूनच पेनने गोल केला होता. एकाच ठोकळ्यात दोन्ही मिळत होतं, शोधाशोध वाचत होती.

त्या रेणापूरच्या, घरची शेती. म्हणाल्या, "मॅडम, सोयाबीनवर येलो मोझॅक रोग पडला की शेजारचं झाड चांगलं धरत असतेत का? दिसायला हिरवंच असतंय ते."

"मग आता?"

"लांबचं बघायचं. कापलेल्या आतड्याचं पार टोक. त्याचा ठोकळा येगळा असतोय. माझ्याकडं हायत सगळे."

खरंच सगळे होते. पुढचे चार रविवार आम्ही लोखंडी कपाटांपुढे बसून काढले. मी डब्यात दशम्या न्यायची. त्या दशम्या खात आणि माझी चूक मलाच पुन्हा समजावून सांगत. शिकलेल्या माणसाला शोधायचा लई कंटाळा, हे मी दर रविवारी ऐकून घेतलं.

टोकाशी ताडल्यावर गाठीतला फरक ठळक दिसला. शिवाय गाठीशेजारच्या, दिसायला निरोगी भागातही ते रेणू आधीच वाढलेले निघाले. माझ्या चुकीचं प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण झालं.

शोधनिबंधावर माझ्यानंतर त्यांचं नाव घातलं. तंत्रज्ञांचे नुसते आभार मानायचे असतात, असं सरांनी सुचवून पाहिलं. मी ऐकलं नाही. छापील प्रत घेऊन रेणापूरला गेले, तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं.

"यानं मला कुनी डॉक्टर तर म्हननार न्हाई ना?"

नाही, म्हटलं.

"मग बरं हाय. न्हाईतर गल्लीतले लोक सकाळपासून गोळ्या मागायला दारात बसतील."