मागच्या चाकातली घरघर

आमच्या घरात गाडीची किल्ली माझ्याकडे असायची. नवरा फौजेत, दिराला उसातनं सवड नाही, आणि सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, केमोच्या सलाईनसाठी दर तीन आठवड्यांनी कोरेगावाहून मिरजेला न्यावं लागायचं. ते काम माझं. सून स्वतः गाडी चालवत सासूला नेते, असं गावातल्या बायका बोलायच्या, तेव्हा माझी मान ताठ व्हायची. इतकी वर्षं या घरात चुलीपुढं राबले, त्याचं कुणी नाव काढलं नाही. गाडीचं मात्र काढलं.

मग धाकटी जाऊ आली, आटपाडीची. तिचे वडील वडापची, म्हणजे गावोगावच्या सवाऱ्या भरून न्यायची जीप चालवायचे आणि ही त्या जीपच्या मागच्या बाकावरच लहानाची मोठी झालेली. तोंडाला विश्रांती नाही. पहिल्याच महिन्यात बाजारातून येताना मागच्या सीटवरून म्हणाली, अक्का, मागच्या ॲक्सलला कायतरी झालंय, घरघर येती. तिच्या शेजारी आत्या बसलेल्या. त्या लगेच म्हणाल्या, व्हय की, मला बी येती कवापास्नं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कवापास्नं येती, तर मला का नाही सांगितलं? काल आलेल्या हिलाच बरं सांगावंसं वाटलं.

टायर झिजलेत, टायरचा आवाज आहे, असं मी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून आणले. घरघर तशीच. खरं तर पुढे बसून मला ती नीट ऐकूच यायची नाही, पण हे हिच्यापुढं कबूल कोण करणार? गेला की आवाज, असं मी म्हणायची आणि ती खिडकीबाहेर बघत हसायची. हिचा मला हेवा वाटायचा, उगाच कशाला लपवू. आत्या हसत हसत तिच्याशी बोलायच्या तेव्हा माझ्या हातून भांडी जरा जोरात आपटायची.

शेवटी एकदा जेवताना दीर म्हणाला की दोघी जाऊन काय ते बघून या, मिरजेच्या वाटेत चाक निखळलं तर आई गाडीत असणार. मग दोघी निघालो रहिमतपूरच्या रस्त्याला. मी चालवत होते, ती मागे वाकून पत्र्याला कान लावून बसली. वडील जीप चालवायचे तेव्हा आवाज ऐकायचं काम तिचंच होतं म्हणे. मला हुकूम सोडत होती, वेग धरा, आता पाय काढा. पाय काढला तरी आवाज कमी होत नाही, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या, गिअरांच्या गोळ्यातला नाही, चाकाच्या बेअरिंगचा आहे, असं तिचं म्हणणं. मग डाव्या वळणावर, भार उजवीकडे गेला तसा आवाज वाढला, म्हणजे उजवंच चाक. मला तर काहीच ऐकू येत नाही, असं मी म्हटलं. तर म्हणाली, मग तुमी या मागं, मी चालवते.

मी गाडी कडेला घेतली. मागे बसले आणि पायाखालून जातं फिरावं तशी घरघर ऐकली. ते एक वेळ चाललं असतं. पण बाई गाडी काय चालवत होती! खड्डा कधी आला, कधी गेला, कळत नव्हतं. माझी नुसती जळजळ झाली.

गॅरेजात मिस्त्रीनं गाडी जॅकवर चढवून चाकं हलवून बघितली. बेअरिंगच गेलं होतं, पण डाव्या चाकाचं. आवाज लोखंडातनं फिरतो, कधीकधी बाजू फसते, असं म्हणत त्यानं ते बदलून दिलं. मला एवढा आनंद झाला की येताना मी जिलेबी घेतली. डावं चाक होतं बरं का, असं जेवताना सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. धाकटी दिलखुलास हसली आणि निम्मी जिलेबी तिनंच संपवली. ती हसली म्हणून मी परत चिडले.

मिरजेला जायच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी स्टिअरिंगवर जाऊन बसले. धाकटीही सोबत येणार होती, ती मागचं दार उघडत होती. आत्या डोक्याला रुमाल बांधून आल्या आणि माझ्या दाराशी थांबल्या.

"उतर खाली. आज तिला चालवू दे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "आत्या, माझं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई काय. दर खेपंला तू पुढं बसतीस आन् मी मागं एकटी. तिथं जायचं म्हटलं की मला लय भ्या वाटतं गं. आज तूच माझ्यापाशी बस."

भीती वाटते, हे त्या आजवर कुणाला बोलल्या नव्हत्या. मी उतरले. किल्ली गाडीलाच होती, हातात द्यावीसुद्धा लागली नाही. आत्यांनी वाटभर माझा हात धरून ठेवला. तरी खोटं कशाला बोलू, माझी नजर धाकटीच्या गिअरवरच्या हातावरच होती. सांगलीच्या अलीकडे आत्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवून घेतलं.