डावी कळी

शिवा गुरव गेल्याचं त्याच्या मुलानं, संजयनं, फोनवर सांगितलं. "मास्तर, आबा गेलं," एवढंच. पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मला मात्र रडू आलं नाही, चीड आली. स्वतःचीच. शिवा जिवंत असताना जे चारचौघांत बोलायचं होतं, ते बोलायचं राहून गेलं होतं...

आज ज्या जंगलात गवे बघायला कोल्हापूरहून गाड्यांची रांग लागते, त्या जंगलात शिवाचं गाव होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर. जंगलाच्या तोंडाशी जे गाव आज रिसॉर्टनी आणि सिमेंटच्या गव्यांनी भरलंय, तिथं तेव्हा एक चहाची टपरी होती आणि एसटी तिथूनच मागं फिरायची. आजारी माणसाला डालग्यात, बांबूच्या मोठ्या टोपलीत, घालून तिथवर खाली आणावं लागे. राष्ट्रीय उद्यान होणार, गाव उठवणार, असं कानावर आलं, तेव्हा लोक म्हणाले, देवाला विचारू. आमच्याकडे कौल लावायची रीत अशी: गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं ओली केलेली एकेक कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गाव बाहेर मांडवात बसलं होतं. गाभाऱ्यात शिवा, आणि उंबऱ्यात समई धरून मी. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी पडली. मी स्वच्छ बघितली. आणि शिवानं तोंड उघडायच्या आत मी ओरडलो, "उजवी! देवानं होकार दिला!" मला रस्ता हवा होता, दवाखाना हवा होता, पोरांना हायस्कूल हवं होतं. एका कळीपायी हे सगळं अडावं हे मला पटत नव्हतं. शिवानं माझ्याकडे बघितलं. त्याला अक्षरं मी शिकवली होती. तो खाली वाकला, कळी उचलून मुठीत धरली आणि गप्प राहिला. नंतर ओढ्यावर हळूच म्हणाला, "मास्तर, डावी पडली न्हवं?" मी म्हणालो, "शिवा, पोरांचं भलं होईल." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

गाव उठलं. जयसिंगपूरच्या बाजूला वसाहत मिळाली. सपाट, उघडी, खाऱ्या पाण्याची. पोरं इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कामाला गेली. पहिल्या उन्हाळ्यातच लोक दोषी शोधू लागले, आणि सापडला शिवा. "मास्तरानं दिसलं ते सांगितलं. कळी चिकटवली कुणी? गुरवानं. उजवीला पाणी कमी लावलं, फितूर झाला." लग्नाकार्यात त्याला बोलवेनात. देव जंगलात राहिलेला, मग गुरवाला काम कसलं? तो परत जंगलाच्या दाराशी आला आणि पर्यटकांची जीप चालवू लागला. मास्तरकी सोडून मीही तिथंच लॉज काढलं होतं. माझे पाहुणे त्याच्याच जीपमधून जायचे. गेटवर तो चपला काढायचा आणि आत अनवाणी गाडी चालवायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "पावणं, आत देव हाय आमचा. तुमी गवं बघा की, माझ्या पायाकडं कशाला बघताय?"

चहाला रोज माझ्याकडे यायचा. रोज मला वाटायचं, आज वसाहतीत जाऊन सांगू. आणि रोज तो उठून जायचा.

बाराव्याला मी वसाहतीत गेलो. जेवणं झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "माणूस चांगला, पर कौल फिरवला त्यानं." मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. डावी पडली होती, उजवी मी म्हणालो, शिवाचा काडीचा दोष नाही. तो म्हातारा उठला, चक्क माझ्या पाया पडला. "मास्तर, मेलेल्या दोस्तासाठी एवढं अंगावर घेताय! असा माणूस न्हाय मिळायचा." माना डोलल्या. मी ओरडलो, शपथा घेतल्या. जितका ओरडलो तितका मी थोर ठरलो. एकटा संजय माझ्याकडे बघत होता. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "आबा असताना बोलला असता, तर मानलं असतं की या लोकांनी."

गेटवर माहितीचा फलक आहे. 'ग्रामदैवताचा कौल घेऊन ग्रामस्थांनी आनंदाने गाव सोडले.' तो बदला म्हणून वनखात्याच्या तरुण साहेबांना सांगितलं. ते हसून म्हणाले, "राहू दे ना काका, लोकांना आवडतं ते. फोटो काढतात त्याच्यासोबत."

गेटवरच्या चौकीच्या बाकाखाली शिवाच्या चपला अजून आहेत. शेवटच्या फेरीत आतच छातीत कळ आली, दुसऱ्या जीपवाल्यानं त्याला तसंच अनवाणी दवाखान्यात नेलं. पहारेकरी म्हणतो, "घेऊन जावा मास्तर." मी नेत नाही. परवा मी त्या बाकावर बसलो होतो. फलक वाचून झालेल्या एका बाईंनी विचारलं, "आजोबा, या चपला कुणाच्या?"

मी म्हणालो, "इथल्या गुरवाच्या. बसा जरा. त्या फलकावर लिहिलंय ते खोटं आहे. डावी कळी पडली होती."

त्या बसल्या.