व्हाल्डाची माशी

क्लॅरी फिट्झनरला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक त्याची दोन इंजिनांची मोटरसायकल, आणि दुसरी, ती कशी हरली याची कहाणी.

मॅली नावाच्या कोरड्या मुलखातल्या एका गावात त्याने जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त केल्या. साहजिकच मोटरसायकलचा सांगाडा पवनचक्कीच्या पाइपांचा, टाकी मेंढ्यांच्या औषधाच्या डब्याची, आणि दोन्ही इंजिनं कुणाकुणाच्या शेडमागून उचलून आणलेली. बेअरिंग बसवण्याआधी इंजिनाचं कवच तापवावं लागतं, ते तो बायकोच्या, व्हाल्डाच्या, ओव्हनमध्ये तापवायचा. त्यामुळे त्या घरच्या मटणाला कायम ऑइलचा वास. पाहुण्यांनी ताट सरकवलं की क्लॅरी म्हणायचा, "हल्लीची माणसं नाजूकच."

शर्यत सरळ पाव मैलाची, एका वेळी दोघांची. आधी मागचं चाक गरगर फिरवून तापवायचं. त्यात गाडी रेषेपुढे जाते, मग ती मागे ढकलून नेमकी सरळ लावावी लागते. हे काम व्हाल्डाचं. ती समोर उभी राहून हाताने दाखवायची: जरा डावीकडे, जरा उजवीकडे, बस्स.

चाळीसेक वर्षांपूर्वी लॉइड नोस्केविरुद्धच्या अंतिम फेरीत तिचा हात हलला. क्लॅरीने चाक डावीकडे वळवलं, दिवा हिरवा झाला, आणि गाडी थेट गवताच्या गठ्ठ्यांत घुसली. व्हाल्डाने नाकावरची माशी हाकलली होती, एवढंच. त्या मुलखात माशी हाकलायला ज्याचा हात हलत नाही तो माणूस कबरीतच सापडायचा. क्लॅरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बायकोवर ढकलता येईल अशी हार कोण सोडतो? प्रत्येक मेजवानीत सॉसेज भाजता भाजता तो ती कहाणी सांगायचा. आधी ती साधी माशी होती, मग घोडमाशी झाली, आणि गेल्या नाताळात तर चिमणीएवढी.

यंदा जुन्या गाड्यांचा मेळावा ठरला, आणि त्यात क्लॅरी आणि लॉइड पुन्हा समोरासमोर. क्लॅरी अठ्ठ्याहत्तरचा. आणखी एकदा धावायचं, या एकाच ध्यासाने तो वर्षभर शेडमध्ये राबला.

"मी लावीन गाडी," बटाटे सोलता सोलता व्हाल्डा म्हणाली, "पण आधी सगळ्यांसमोर म्हणायचं, 'चूक माझी होती.'"

"अगं, मग मी लोकांना सांगू काय?"

"हवापाण्याचं बोल."

दुसऱ्या कुणाला लावायला सांगावं तर त्या गाडीची खोड व्हाल्डाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. क्लॅरीने मान डोलावली, आणि मनात एक युक्ती रचली.

मेळाव्याच्या दिवशी दोन्ही इंजिनं कानठळ्या बसवत होती. व्हाल्डाने गाडी मागे ढकलली आणि समोर येऊन उभी राहिली. उघड्या तोंडाच्या जुन्या हेल्मेटमधून क्लॅरी अगदी शहाण्यासारखा म्हणाला, "चूक माझी होती, व्हाल्डा."

व्हाल्डाने कानाला हात लावला. तो पुन्हा म्हणाला. तिने मान हलवली आणि बोट गळ्यावरून फिरवलं. बंद कर.

तापलेली ती इंजिनं एकदा बंद झाली की दिवस मावळेपर्यंत रुसून बसायची, हे दोघांनाही माहीत होतं. शेजारी लॉइड तयार होता. समोर पाव मैल मोकळा होता, आणि पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी द्यावा. क्लॅरीचा जीव त्या रस्त्यात अडकला होता.

त्याने व्हाल्डाकडे पाहिलं. तोंडावर रबराची काजळी, गालांवर माश्या, आणि दोन्ही हात खाली. एकही माशी ती हाकलत नव्हती.

त्याने इंजिनं बंद केली.

"चूक माझी होती," तो ओरडला. "तिचा हात बरोबर होता. डोकं माझं फिरलं होतं." कुंपणापाशी उभी असलेली सगळी माणसं वळून पाहू लागली. लॉइड एकटाच धावला आणि दुसऱ्यांदा जिंकला.

व्हाल्डा जवळ आली आणि हँडलला हात लावला.

"तू पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच मला कळलं होतं."

"काय?"

"या गाडीच्या आवाजात इतकी वर्षं मी तुझे ओठच वाचत आलेय."

"मग बंद कशाला करायला लावलीस, बाई?"

"बाकीच्यांना थोडेच वाचता येतात," व्हाल्डा म्हणाली, आणि गाडी ढकलायला लागली.