सितीला दिलेला पिठलं-भात

मंडळी, मला काहीच सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

इथे परदेशात, बेडोकला आमच्या शेजारी घरकामाला असलेली सिती इंडोनेशियातल्या आचेची आहे. तिची आई आणि छोटी मुलगी तिकडे समुद्राकाठी राहतात. त्सुनामीपासून घरी फोनच लागत नाहीये. आज दुपारी ती कॉरिडॉरमध्ये उपाशी बसून सारखा फोन लावत होती. मला बघवेना. पटकन पिठलं-भात केला आणि डबा तिच्या हातात दिला.

मग पुण्याला आईला हे सांगितलं, तर ती ओरडलीच.

"अगं, अक्कल कुठे ठेवलीस? पिठलं-भात कुणी गेलं की त्या घरी नेतात! तिची माणसं गेली असं कुणी सांगितलं तुला?"

मी डबा परत आणायला धावले. सिती जेवत होती.

"छान झालंय, सिस्टर. तुमच्यात हे कधी करतात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आपलं माणूस घरी परत येणार असलं की."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. "मग मला शिकव ना. मुलीला करून घालीन."

उद्या सकाळी ती शिकायला येतेय. मी काय करू, सांगा ना. खरं सांगू, की गुपचूप पीठ कालवायला घेऊ?