नऊ नंबरचा आवाज

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा अर्धा टाकून उठणारा माणूस आहे मी. चाकणजवळ कुरुळीच्या एका कंपनीत बावीस वर्षं सुपरवायझरकी केली. त्यामुळे हे लिहायला माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वेल्डिंग शॉपवरचे चौदा जण मिनीबस करून दीवला गेलो. (दीव म्हटल्यावर लगेच दारू आठवून हसू नका राव, मी माळकरी आहे!) इवलंसं बेट, जुनं पोर्तुगीज बंदर, दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. चाकणच्या ट्रॅफिकमधून गेलेल्याला ती शांतता अंगावर येते.

माझं सगळं लक्ष रफिकभाईंवर होतं. हे आमचे सगळ्यात जुने वेल्डर. शुगरचं इंजेक्शन घेतात, आणि वेळेवर खाल्लं नाही तर सरळ कोसळतात. निघताना भाभींनी ग्लुकोजची पुडी माझ्या हातात दिली होती. "भाऊ, यांना एकटं सोडू नका हां. भूक लागली तरी सांगत नाहीत."

"तुम्ही बिनघोर राहा, भाभी," मी म्हणालो होतो.

जेवणं झाल्यावर सगळे गावात पांगले. साडेपाचला बंदराजवळच्या पार्किंगमध्ये बसमध्ये जमायचं ठरलं होतं. मोजणी आमची कंपनीतल्यासारखीच. फायर ड्रिलला आम्ही नावं घेत नाही, प्रत्येकाला नंबर ठरलेला, तो ओळीनं ओरडायचा. आवाज आला की माणूस आला. मी पुढे ड्रायव्हरला मोबाइलवर रस्ता दाखवत होतो. मान वर न करताच म्हणालो, "करा सुरू!"

एक... दोन... तीन... आठ, नऊ, दहा... चौदा.

नऊ म्हणजे रफिकभाई. त्यांचा तो घोगरा आवाज मी झोपेतही ओळखेन.

"सगळे आले. चला," मी म्हणालो.

पूल ओलांडून दहा मिनिटं झाली असतील. रफिकभाईंना बिस्किटं द्यायला मागे गेलो, तर सीटवर नुसता मोबाइल, चार्जिंगला लावलेला.

"अरे, रफिकभाई कुठायत?"

शेजारच्या सीटवरचा आमचा हेल्पर पोपट दचकला. "असं काय करता? आत्ता माझ्या कानाशी ओरडले की!"

"तू बघितलंस त्यांना?"

"बघितलं म्हणजे... आवाज आला ना, राव."

अख्ख्या बसनं नऊ ऐकला होता, बघितलं कुणीच नव्हतं! कुणीतरी चेष्टा केली असेल, असं एकजण पुटपुटला. म्हटलं, ते नंतर बघू, आधी गाडी वळवा. ड्रायव्हर कुरकुरायला लागला, उशीर होईल म्हणून.

"होऊ दे! ते सापडल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. वळव म्हणतो ना!"

पार्किंगमध्ये परत आलो. दोघादोघांच्या जोड्या केल्या, गल्ल्या वाटून घेतल्या. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. "बसपाशीच थांबू, येतील ते," पोपट म्हणाला. "तुझा बाप असता तर थांबला असतास?" मी ताडकन बोललो. जरा जास्तच झालं, पण माफी मागायला तेव्हा वेळ नव्हता.

शेवटी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकडच्या एका पडक्या भिंतीआड ते दिसले. घामानं निथळत होते, हात बर्फासारखे गार. डोळे अर्धवट उघडे होते. ग्लुकोज थोडं थोडं हिरड्यांना लावत तसंच हॉस्पिटल गाठलं. आणखी अर्धा तास गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडलो, खोटं कशाला सांगू.

सकाळी रफिकभाई नीट बोलायला लागले.

"तुम्ही मोजायला लागलात तेव्हा मी तिथं पडलेलोच होतो," ते म्हणाले. "आठ ऐकला. मग सगळा जीव गोळा करून नऊ ओरडलो."

"अहो, तिथून पार्किंग म्हणजे चालत अर्धा तास!"

मला राहवेना. पोपटला त्या भिंतीपाशी उभा केला, मी पार्किंगमध्ये. फोनवर खूण केली की ओरडायचं. बिचारा घसा बसेपर्यंत ओरडला. मला होड्यांच्या इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. चेष्टा केलीस का, म्हणून एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सगळ्यांनी आईची शपथ घेतली.

परत येऊन रफिकभाईंना हे सांगितलं.

"मला तर पुढचं पण ऐकू आलं, भाऊ. पार चौदापर्यंत. मग तुम्ही म्हणालात, सगळे आले, चला." आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "त्यानंतर लई ओरडलो मी. नुसता नंबर नाही, तुमचं नाव घेऊन. ते नाही ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांचा नऊ पोचला आणि माझ्या नावाच्या हाका का पोचल्या नाहीत, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.