मुंजाजीचा पांढरा सदरा

पाथरीच्या बाजारात त्या काळी परीटघडीचा सदरा घालून फिरणारी दोनच माणसं होती. एक ईश्वरअप्पा, धान्याचे व्यापारी, आणि दुसरा त्यांचा ड्रायव्हर मुंजाजी. अप्पांचा सदरा दिवेलागणीपर्यंत पोत्यांच्या धुळीनं मळायचा. मुंजाजीचा मळायचा नाही. ड्रायव्हरचा सदरा मळत नाही म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे तेव्हाच कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं होतं. पण लोकांना गाडीचंच अप्रूप, सदऱ्याकडे कोण बघतो?

मुंजाजी धनगराचा. बापामागं मेंढरं राखण्यात त्याचं लहानपण गेलं. बाजारात कापडाच्या दुकानाशी गेला की दुकानदार नाकाला उपरणं लावायचा आणि त्याला पायरीखालीच उभं करायचा. तो वास त्याच्या अंगाचा केव्हाच गेला, मनातून गेला नाही. निजामाचं राज्य संपलं, बाप वारला, कळप विकला गेला, आणि मुंजाजी परभणीला गफूर मिस्त्रीकडे राहून गाडी शिकला. अप्पांनी लढाईनंतर लष्करानं निकालात काढलेली एक पिकअप लिलावात घेतली आणि तिच्यावर त्याला बसवला. मुंजाजीनं पहिलं काम काय केलं, तर त्याच दुकानाची पायरी चढून पांढरं कापड मागितलं.

गाडी हाकायला तो पटाईत होता, त्यात नाव ठेवायला जागा नाही. नडलं ते तेलापाशी. गाडी किती मैल पळाली ते सांगणारा काटा बंद होता, म्हणून अप्पांनी आपल्या परीनं नेम घालून दिला होता. एकाआड एक अमावास्येला इंजिनातलं जुनं तेल काढायचं आणि नवं भरायचं. अमावास्या आली की मुंजाजी बाजारात अप्पांच्या दुकानासमोर गाडी धुवायचा, नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बांधायचा. चार माणसं कौतुकानं बघायची. पण तेल काढायचं तर गाडीखाली उताणं पडून तिच्या पोटाचा बोल्ट सोडावा लागतो, आणि काळं तेल अंगावर ओघळतं. भर बाजारात, त्या कापडवाल्याच्या डोळ्यांदेखत तसं पडणं त्याच्या जिवावर यायचं. गावाबाहेर नेऊन करता आलं असतं. उद्या करू म्हणायचा, आणि तो उद्या काही उगवायचा नाही. मग नवं तेल वरूनच थोडं ओतायचं, आणि अप्पांनी विचारलं की “केलं, अप्पा,” म्हणायचं. पहिल्यांदा जीभ अडखळली. पुढं सवय झाली.

इंजिनाच्या तोंडाशी झाकणाआड एक साखळी फिरते. आतल्या झडपा वेळेवर उघडायच्या-मिटायच्या त्या तिच्या तालावर. तिला धड तेल मिळालं नाही की ती झिजते, ढिली पडते आणि खळखळ वाजू लागते. एकदा परभणीला गफूर मिस्त्रीला ती खळखळ रस्त्यावरूनच ऐकू आली. त्यानं तेलाची पट्टी ओढून बघितली, मग मुंजाजीच्या तोंडाकडे बघितलं. इंजिन आत्ताच उघडावं लागेल, साखळी हैदराबादेहून मागवू, अप्पांना सांग, एवढंच तो म्हणाला. मुंजाजीनं मान डोलावली. पण इंजिन उघडलं की आतला गाळ दिसणार, आणि गाळ दिसला की इतक्या अमावास्यांचं खोटं वर येणार.

त्यानं वेगळाच इलाज काढला. बापाच्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या घरी पडून होत्या. त्या त्यानं गाडीच्या तोंडाच्या जाळीला तारेनं आवळून बांधल्या. इंजिन थरथरलं की घंट्या वाजायच्या आणि साखळीचं रडगाणं त्यात बुडून जायचं. वाटेवरच्या गावांतली पोरं घंट्या ऐकून धावत यायची. अप्पा तर येईल त्याला सांगायचे, आमच्या मुंजानं बापाची आठवण गाडीला बांधली, इतका जीव कोण लावतं? ते ऐकलं की मुंजाजीला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. तरी घंट्या त्यानं सोडल्या नाहीत.

येलदरीला धरणाचं काम जोरात होतं. तिथल्या मजुरांच्या वस्तीला ज्वारी पोचवून अप्पा आणि मुंजाजी एकदा परत येत होते. वाटेवरचं मुंजाजीचं गाव कोसभर राहिलं असेल, तोच बोनेटखाली काहीतरी कडकन तुटलं आणि इंजिन गप्प झालं. साखळी तुटली होती. तुटता तुटता तिनं पुढचं झाकण फोडलं होतं, आणि खाली तेल ठिबकत होतं.

मुंजाजीला सगळं कळलं, आणि कळलं म्हणूनच त्याचे पाय हलेनात. अप्पा खाली उतरले. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी सदऱ्याच्या आत नीट सारलं आणि, साठीला टेकलेला माणूस, तेल कुठून गळतंय ते बघायला सरळ गाडीखाली शिरले.

“अप्पा, तुमी नका,” मुंजाजी म्हणाला, पण उभा तो उभाच.

बराच वेळ अप्पा बाहेर आले नाहीत. खाली तो बोल्ट होता. त्याच्यावर कैक पावसाळ्यांचा चिखल वाळून दगड झाला होता, पान्याचा एक ओरखडा नव्हता. अप्पांनी तो चिखल नखानं खरवडल्याचा आवाज मुंजाजीनं ऐकला. ते बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत काळे झाले होते. मुंजाजी घाईघाईनं सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागला. हात पुसायला दुसरं काही नव्हतं.

“ऱ्हाऊ दे, मुंजा,” अप्पा म्हणाले. “मळंल.”

यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

शेजारच्या रानात मुंजाजीच्याच गावचा रायभान औत हाकत होता. त्यानं बैल आणून गाडीला जुंपले. कुणीतरी सुकाणू धरायला हवं, म्हणून मुंजाजी आपल्या जागी बसला, आणि अप्पा बाजूनं चालत निघाले. मुंजाजीला घंट्या काढायच्या होत्या, पण तारेचे पीळ त्यानंच असे घातले होते की सुटेनात. गाडी खड्ड्याखड्ड्याला हिंदकळत होती आणि घंट्या मोठ्यानं वाजत होत्या.

त्यांच्या आवाजानं अख्खा गाव बाहेर आला. पोरं धावत आली आणि बैल बघून जागीच थबकली. मुंजाजीची आई केवळाबाई तांब्या घेऊन पुढं झाली, अप्पांच्या हातावर पाणी घालू लागली. राख लावली, तरी काळं निघेना. तिनं एकदा त्या हातांकडे बघितलं, मग लेकाच्या सदऱ्याकडे.

“धनी काळे झाले,” ती म्हणाली, “अन् तू पांढरा कामून, मुंजा?”

मुंजाजी बोलायच्या आत अप्पाच बोलले. “त्याचा कसूर न्हाई, बाई. गाडीच जुनी हाय.”

बाजारात कधी मापात खोटं न केलेला माणूस त्याच्यासाठी गावासमोर खोटं बोलला होता.

“जुनी हाय म्हून न्हाई, माय,” तो म्हणाला. “म्या तेल बदललंच न्हाई कदी. केलं म्हून सांगत ऱ्हायलो.”

त्यानं पाना घेतला आणि गावाच्या मधोमध, त्याच सदऱ्यानिशी, गाडीखाली उताणा पडला. बोल्ट हलता हलेना. सुटला तेव्हा तेल डांबरासारखं सावकाश उतरलं, त्याच्या छातीवर आणि गळ्यावर. पोरं हसली. केवळाबाईनं त्यांना गप्प केलं नाही. मुंजाजीनं डोळे मिटून घेतले, पण तेल गळायचं थांबेपर्यंत तो बाजूला सरकला नाही.