भरतीची वेळ

आमच्या शाळेचे भूगोलाचे मास्तर वर्गात शिरत ते समुद्राची बातमी घेऊनच. "बसा रे. हर्णैला आता ओहोटी लागली असेल." अमळनेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांचा धुरळा उडालेला असे, बोरी नदीत गुडघाभरही पाणी नसे, आणि हा गृहस्थ शंभर कोसांवरच्या समुद्राची खबर देई. गावाने त्यांचे नाव दर्यामास्तर ठेवले होते. मी तिथे चित्रकलेचा शिक्षक म्हणून नवा लागलो होतो आणि त्यांच्याच घरातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो.

भरतीचा हिशेब त्यांना कोकणातल्या एका नाखव्याने शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी भरण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ज्या पोरांनी तळ्यापलीकडे पाणी पाहिले नव्हते ती हे पाढ्यासारखे घोकत. भूगोलात नापास होणारासुद्धा हर्णैची भरती बरोबर सांगे.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर आगबोटीने कोकणात उतरत आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत. येताना शिंपले, उंडीच्या बिया, पुडीत बांधलेली वाळू आणत. हर्णैसमोरच्या पाण्यातल्या सुवर्णदुर्गाच्या तटाविषयी बोलू लागले की थांबत नसत. "चुन्याशिवाय बसवलेत हो चिरे! इतकी वर्षं लाटा खाताहेत, पण जागचे हलले नाहीत." गावाला वाटे, मास्तरांना छंद आहे. खरे कारण त्यांच्या घरात राहणाऱ्यालाच कळे.

त्यांचा एकुलता मुलगा माधव पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बोटीने गेला होता. सरकारी कागद आला त्यात एकच शब्द होता: बेपत्ता. बारा वर्षे झाली की असा माणूस गेला असे धरून त्याचा गवताचा पुतळा करून दहन करतात. ती उलटल्यापासून भाऊबंद दर पितृपक्षात मागे लागत. पण मास्तरांची बायको, आमच्या अक्का, पुतळ्याचे नाव काढू देत नसत. दर दिवाळीला त्या माधवच्या मापाचा एक सदरा शिवून पेटीत ठेवत. मास्तर मला म्हणत, "तिला एकदा पटलं पाहिजे. नाहीतर पेटीतच जन्म जाईल तिचा."

शेवटी अक्काच एकदा म्हणाल्या, "माले तो दर्या दखाडा. त्यानी मन्हा पोऱ्या नेला व्हई, तर त्याना सदराबी नेई. मंग करा तुमना पुतळा."

त्या वैशाखात आम्ही तिघे हर्णैला गेलो. पौर्णिमेच्या सकाळी नऊच्या सुमारास मास्तर आम्हाला वाळूवर घेऊन गेले. अक्कांनी माधवचा सदरा नारळाला गुंडाळला, हळदकुंकू वाहिले आणि घोटाभर पाण्यात जाऊन सोडून दिला. आम्ही नदीकाठची माणसे. नदीला दिलेले परत येत नाही, एवढेच अक्कांना ठाऊक. नारळ थोडा आत गेला, हेलकावला, आणि चार लाटांत त्यांच्या पायांशी येऊन थांबला.

"दखा भाऊ, परत वना!" अक्कांनी भिजलेला सदरा छातीशी धरला. "दर्यालेबी माहीत शे. मन्हा पोऱ्या जित्ता शे." इतके उजळलेले तोंड मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. पाणी चढत होते, हे मला मात्र दिसत होते. अक्का पुढे गेल्यावर मी मास्तरांना रागानेच विचारले, "तुम्ही, आणि भरतीची वेळ विसरलात?"

"चुकलो," ते म्हणाले.

मला ते खरे वाटले. दुःखात माणसाचा हिशेब चुकतो, असे मी धरून चाललो. त्यानंतर पुतळ्याचा विषय कुणी काढला नाही. अक्का पुढे दहा वर्षे दर दिवाळीला सदरा शिवत राहिल्या आणि मुलगा येणार म्हणूनच गेल्या.

अक्का गेल्या त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात मास्तर अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांनी पेटी उघडायला लावली. तो खारवलेला सदरा वेगळा घडी करून ठेवलेला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी पौर्णिमा होती," ते म्हणाले. "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, एवढं मला येत नव्हतं का? दुपारनंतर नेलं असतं तर गेला असता सदरा. तिला पटवायला नेलं खरं, पण वेळ आली तेव्हा माझ्याच्यानं त्याला सोडवेना." माझ्या हातातल्या सदऱ्यावरून त्यांनी बोटे फिरवली. "आता तुम्ही न्या. ओहोटीला."

मास्तर गेल्यावर आलेल्या वैशाखात मी एकटा हर्णैला गेलो. पौर्णिमाच धरली, पण दुपारचे दोन वाजू दिले. सदरा गुंडाळलेला नारळ सोडला. तो सुवर्णदुर्गाच्या अंगाने आत आत गेला आणि दिसेनासा झाला. एवढा मोठा झालेला मी, त्या वाळूवर बसून रडलो.

जूनमध्ये शाळा उघडली. मास्तरांच्या जागी अजून कुणी नेमले नव्हते, म्हणून भूगोलाचा तास माझ्याकडे आला. वर्गात गेलो, पोरे उभी राहिली, आणि माझ्याच तोंडून निघून गेले, "बसा रे. हर्णैला आता भरती लागली असेल."